पाऊणातून तिसरा हिस्सा गेला, तर उरले किती?

अर्ध्यातून पाव गेला की पाव उरतो, हे सांगायला कोणाला कागद-पेन्सिल लागत नाही. वर्ध्याच्या बाजारात भाजी घ्यायला आलेले दहा वर्षांचे पोरही ते सांगेल. पण पाऊण मीटर अस्तराच्या तुकड्यातून मीटरचा तिसरा हिस्सा कापून दिला, तर मागे किती अस्तर राहिले, असा प्रश्न टाकून पाहा. वीस-वीस वर्षे दुकान सांभाळलेले लोकही येथे क्षणभर थांबतात. कोणी 'अर्ध्या मीटरच्या थोडे आत' म्हणतो, कोणी मोबाइल काढतो, आणि शाळेत जाणारा मुलगा जवळ बसलेला असेल तर तो ३/४ वजा १/३ असे मांडून वरच्यातून वरचा व खालच्यातून खालचा आकडा वजा करतो. तिनातून एक गेला, राहिले दोन. चारातून तीन गेले, राहिला एक. उत्तर आले २/१, म्हणजे दोन मीटर. पाऊण मीटरमधून तुकडा कापून द्यायचा आणि हाती दोन मीटर उरायचे, असा धंदा मिळाला तर आपण सर्वांनी तोच करावा!

चूक हसण्यासारखी असली तरी तिचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. अपूर्णांकातील वरचा आकडा, म्हणजे अंश, हा तुकडे किती आहेत ते सांगतो. खालचा आकडा, म्हणजे छेद, हा तुकडा केवढा आहे ते सांगतो. छेद हे त्या तुकड्याचे नाव आहे. नावातून नाव वजा होत नाही. गल्ल्यात पन्नासाच्या तीन नोटा आहेत आणि त्यातून विसाची एक नोट द्यायची आहे. तेव्हा 'तिनातून एक गेली, दोन राहिल्या, आणि पन्नासातून वीस गेले, तीस राहिले, म्हणून तिसाच्या दोन नोटा उरल्या' असे कोणताही दुकानदार म्हणणार नाही. तो दोन्हींचे मनातल्या मनात रुपये करतो, दीडशेतून वीस काढतो आणि एकशे तीस म्हणून मोकळा होतो. भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची वजाबाकी एवढीच आहे. आधी दोन्हींचे एकाच नाण्यात सुटे करायचे, मग वजा करायचे. शाळेच्या पुस्तकात यालाच समच्छेद करणे म्हणतात.

प्रश्न राहतो तो सुटे कशात करायचे याचा. पाव आणि तिसरा हिस्सा हे दोन्ही ज्यात पूर्ण बसतील असे लहान नाणे हवे. वरचाच हिशोब कापडाऐवजी बांगड्यांत करून पाहू. पाऊण डझन म्हणजे नऊ बांगड्या, डझनाचा तिसरा हिस्सा म्हणजे चार. नवातून चार गेल्या, पाच राहिल्या. डझनाचे पाच नग, म्हणजे ५/१२. हाच हिशोब घड्याळात पाहा. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, तासाचा तिसरा हिस्सा म्हणजे वीस मिनिटे. राहिली पंचवीस मिनिटे, आणि साठातली पंचवीस म्हणजे पुन्हा ५/१२ तास. मीटर असो, डझन असो की तास असो, उत्तर एकच. फरक इतकाच की डझनाचे व तासाचे सुटे आपल्याला आधीच पाठ आहेत आणि मीटरचे बारा भाग कोणी पाडून ठेवलेले नाहीत. तेथे ते मनाने पाडावे लागतात. पाऊण मीटर म्हणजे बारातले नऊ भाग, तिसरा हिस्सा म्हणजे बारातले चार, उरले पाच भाग. सेंटीमीटरमध्ये हे सुमारे ४१.७ होतात. 'अर्ध्याच्या थोडे आत' म्हणणारा गृहस्थ चुकलेला नव्हता. अस्तरापुरते त्याचे भागलेही असते. पण अस्तराच्या जागी जरीचा काठ असेल किंवा भागीदारीतला नफा असेल, तर 'थोडे आत' म्हणून भागत नाही.

येथे एक गोष्ट आमच्या लक्षात येते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच अशी जी नावे आपल्या भाषेत रोजची आहेत, ती सर्व चौथाईच्या घराण्यातली आहेत. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी असे पाढे तोंडपाठ करून घेत. त्यांतही सर्व पाव आणि अर्धेच. तिसऱ्या हिश्श्याची 'तिजकी' कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. म्हणूनच पाव-अर्ध्याची वजाबाकी जिभेवर असते आणि तिसरा हिस्सा आला की जीभ अडते. यात आपल्या अकलेचा काही दोष नाही. जी माणसे जुन्या मापांवर वाढली त्यांना मापेच तशी मिळाली होती. रुपयाचे सोळा आणे, गजाचे सोळा गिरह, शेराचे सोळा छटाक. सोळाचे निम्मे आठ, त्याचे निम्मे चार, मग दोन, मग एक. अर्धे, पाव, आठवा हिस्सा, सोळावा हिस्सा, काहीही काढा, मोड येत नाही. पण सोळाला तिनाने भाग जात नाही.

तरीही जुन्या लोकांचे रुपयात अडत नसे, कारण त्यांनी आण्याखाली पै ठेवली होती. आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, म्हणजे आण्याच्या बारा पै आणि रुपयाच्या १९२ पै. या १९२ ला तिनाने नेमका भाग जातो, ६४. म्हणून रुपयाचा तिसरा हिस्सा पाच आणे चार पै असा स्वच्छ निघे. बारा आण्यांतून पाच आणे चार पै गेले की सहा आणे आठ पै उरत, म्हणजे १९२ मधल्या ८० पै, म्हणजे तेच आपले ५/१२. वर्धा जिल्हा मध्यप्रांतात असताना येथे मालगुजारीची पद्धत होती आणि गावातील हिस्सेदारी आण्या-पैत लिहिली जाई. एखाद्याचा गावात 'पाच आणे चार पै' हिस्सा असा उल्लेख जुन्या कागदात दिसला तर तो तीन सारख्या वारसांतला एक समजावा. मालगुजारी १९५१ साली गेली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आण्याबरोबर पैही गेली. शंभराला पावाने भाग जातो, पण तिसऱ्या हिश्श्याला ३३ पैसे आणि वर एक तुकडा उरतो. पुढे ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांचे नाणेही व्यवहारातून काढून घेतले गेले. दशमान पद्धतीचे फायदे फार मोठे आहेत, बेरजा-गुणाकार सोपे झाले, त्याबद्दल तक्रार नाही; परंतु तिसऱ्या आणि सहाव्या हिश्श्यासाठी जे तयार सुटे पूर्वी खिशात असत ते आता आपल्याला कागदावर करून घ्यावे लागतात.

सुतारकामात मात्र तयार सुटे आजही चालतात. इंचाचे आठ सूत ही बोली कोणत्याही फर्निचरच्या कारखान्यात ऐकू येते. प्लायवूडच्या कागदावर मिलिमीटर छापलेले असले तरी कारागीर पाऊण इंची पाटीला 'सहा सूत' म्हणतो. समजा, कपाटाची बाहेरची रुंदी सव्वातीस इंच आहे आणि दोन्ही बाजूंच्या पाट्या पाऊण-पाऊण इंचाच्या आहेत. आतल्या फळीची लांबी किती? दोन पाट्यांचे दीड इंच. सव्वातीस म्हणजे तीस इंच दोन सूत. दीड म्हणजे एक इंच चार सूत. दोन सुतांतून चार सूत जात नाहीत, म्हणून तिसातला एक इंच मोडून त्याचे आठ सूत केले. झाले एकोणतीस इंच दहा सूत. त्यातून एक इंच चार सूत गेले, राहिले अठ्ठावीस इंच सहा सूत, म्हणजे पावणे एकोणतीस. ज्या कारागिराने शाळेचे तोंड पाहिलेले नाही तोही हे करतो, आणि पुस्तक ज्याला 'पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची वजाबाकी' म्हणते ती हीच. एक इंच मोडून आठ सूत करणे आणि एक पूर्णांक मोडून ८/८ करणे यात काडीचाही फरक नाही. टेपवर सोळावा हिस्सा मोजायचा झाला तर तो अर्धा सूत धरतो. मग सर्व माप अर्ध्या सुतात न्यायचे, एवढेच.

रंगकाम करणाऱ्यांचे तसे नाही; त्यांच्या डब्याला सूत नसतात. एका रंगाऱ्याकडे चार-चार लिटरचे साडेतीन डबे आहेत. पहिल्या घराला एक डबा आणि दुसऱ्या डब्याचे दोन तृतीयांश लागले. आता दुसऱ्या घराला पावणेदोन डबे लागणार आहेत. आहे त्या रंगात काम होईल, की आणखी एक डबा विकत आणावा लागेल? साडेतीनमध्ये अर्धा आहे, खर्चात तृतीयांश आहे. दोन आणि तीन या दोघांनाही चालेल असा छेद सहा. साडेतीन म्हणजे ३ पूर्णांक ३/६; खर्च १ पूर्णांक ४/६. तीन षष्ठांशांतून चार जात नाहीत, म्हणून एक डबा मोडला, २ पूर्णांक ९/६ झाले. त्यातून १ पूर्णांक ४/६ गेले, राहिला १ पूर्णांक ५/६ डबा. लागणार १ पूर्णांक ३/४. पाच षष्ठांश मोठे की तीन चतुर्थांश? बाराव्या हिश्श्यात नेले तर १०/१२ आणि ९/१२. काम होईल, वर डब्याचा बारावा हिस्सा, म्हणजे लिटरचा तिसरा हिस्सा उरेल. एवढ्या अंतरावर अंदाजाने गेलेला माणूस विनाकारण एक डबा जास्त आणतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे शेवटच्या भिंतीला रंग कमी पडून दुसऱ्या डब्याची छटा वेगळी दिसते.

दोघांना चालेल असा छेद शोधण्याची दुकानातली सोपी रीत अशी. दोन छेदांपैकी मोठा घ्यावा आणि त्याची पटी म्हणत जावे. लहान छेदाने जेथे नेमका भाग जाईल तेथे थांबावे. आठ आणि सहा असतील तर आठ, नाही, सोळा, नाही, चोवीस, होय. पुस्तकात याला लसावि म्हणतात. हे जमले नाही तरी बिघडत नाही. दोन्ही छेदांचा सरळ गुणाकार करावा, आठ सख अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळिसावर केलेला हिशोबही बरोबरच येतो, फक्त आकडे मोठे होतात आणि शेवटी संक्षेप करावा लागतो. मात्र छेद जितक्या पटीने वाढवला तितक्याच पटीने अंश वाढवायला विसरू नये. घाईत चुका होतात त्या बहुधा येथेच. ही रीत काही परकी नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ.स. ११५०) समच्छेद करण्याचा नियम आहे, आणि त्याच लीलावतीचे फारसी भाषांतर अकबर बादशहाच्या दरबारातील कवी फैजीने १५८७ मध्ये केले होते. त्या काळी आपल्याकडे अंश वर व छेद खाली लिहीत, मध्ये रेघ नसे. आडवी रेघ बाराव्या शतकातील मगरिबचा गणिती अल-हस्सार याच्या लेखनात आढळते.

उत्तर तपासण्याला दोनच प्रश्न पुरतात. ज्यातून वजा केले त्याहून उत्तर लहान आहे ना? आणि उत्तरात वजा केलेली रक्कम परत मिळवली तर पहिला आकडा येतो ना? पाच बारांश आणि चार बारांश, नऊ बारांश, म्हणजे पाऊण.

आता कॅल्क्युलेटरविषयी. तो प्रत्येकाच्या हातात आहे आणि वापरूच नका असे आम्ही म्हणणार नाही. पण तृतीयांशाला तो ०.३३३३३ दाखवतो, आपण घाईत त्याचे ०.३३ करतो आणि तेथे पैसा गळतो. तीन भागीदारांचे एक दुकान धरा. पहिल्याचा नफ्यात २/५ हिस्सा, दुसऱ्याचा १/३, आणि तिसऱ्याचा 'बाकीचा'. करारात असे 'बाकीचा' लिहिण्याची पद्धत सर्रास आहे. तिसऱ्याचा हिस्सा किती? पाच आणि तीन यांना पंधरा चालतो. पंधरातून सहा गेले, पाच गेले, राहिले चार, म्हणजे ४/१५. वर्षाचा नफा १,८०,००० रुपये असेल तर पहिल्याला ७२,०००, दुसऱ्याला ६०,०००, तिसऱ्याला ४८,०००. हाच हिशोब ०.४० आणि ०.३३ धरून केला तर दुसऱ्याला ५९,४०० मिळतात आणि तिसऱ्याला ४८,६००. सहाशे रुपये एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेले, आणि दोघांपैकी कोणीही लबाडी केलेली नाही. दहा वर्षे भागीदारी चालली तर हे सहा हजार होतात आणि त्यावरून जे बोलणे होते त्याचा हिशोब वेगळाच. यासाठी करारात '३३ टक्के' न लिहिता 'एक तृतीयांश' असेच लिहावे, आणि 'बाकीचा' या शब्दापुढेही अपूर्णांक काढून लिहावा. पैशात रूपांतर अगदी शेवटी करावे.

याहून मोठा घोटाळा वजाबाकीत नसून भाषेत होतो. हिस्सा कशाचा, हे सांगायचे राहून जाते. गाद्या भरणाऱ्या कारागिराचे उदाहरण घेऊ. पिंजलेल्या रुईचे चाळीस किलोचे पोते आहे. त्यातली २/५ गाद्यांना गेली आणि १/४ उशांना. किती उरली? प्रश्न साधा दिसतो, पण त्याची दोन उत्तरे आहेत. पोत्याचा पाव हिस्सा उशांना गेला असेल, तर विसाव्या हिश्श्यात मांडून २० मधून ८ आणि ५ वजा करायचे. उरले ७/२०, म्हणजे चौदा किलो. पण गाद्या भरून झाल्यावर जे उरले त्याचा पाव हिस्सा उशांना गेला असेल, तर उरलेल्या ३/५ चा पाव म्हणजे ३/२० गेला. १२ मधून ३ गेले, उरले ९/२०, म्हणजे अठरा किलो. एका 'उरलेल्याचा' या शब्दावर चार किलो रुईचा फरक पडला. कारागीर म्हणतो अठरा, मालक म्हणतो चौदा, आणि मधले चार किलो कोणी नेले म्हणून पोरांवर ओरडा होतो. हिस्सा ऐकताच 'कशाचा?' हा प्रश्न विचारण्याची सवय लागली तर अर्धी भांडणे तेथेच थांबतील असे आम्हाला वाटते.

मुलांना हे दुकानातच शिकवता येते. आपल्या जिल्ह्याला तर ही कल्पना नवी नसावी. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन होते, जे पुढे १९६७ साली राष्ट्रपती झाले. हातातल्या कामातून, म्हणजे सूतकताई, सुतारकाम, शेती यांतून गणित व इतर विषय शिकवावेत, हा त्या योजनेचा गाभा. ती योजना पुढे सर्वत्र का टिकली नाही हा वेगळा विषय आहे. पण टेपवरचे सूत मोजताना ज्या मुलाला ३/४ आणि ६/८ एकच आहेत हे डोळ्यांनी दिसले, त्याला ते पुन्हा शिकवावे लागत नाही, एवढे खरे.

हा सर्व विस्तार करण्यामागे आमच्या मनात जो हिशोब आहे तो दुकानाच्या मालाचा नसून दुकानाचाच आहे. मालक इंतकाल पावतो, मागे वारस राहतात आणि वाटणीचा दिवस येतो. फराइजचे नाव आमच्या वाचकांना नवे नाही. सूरह निसामध्ये जे ठरलेले हिस्से आले आहेत ते सहा: १/२, १/४, १/८, २/३, १/३ आणि १/६. पाव-अर्ध्याचे घराणे आणि तृतीयांशाचे घराणे येथे एकत्र येतात. म्हणजे भिन्न छेदांच्या वजाबाकीवाचून येथे पाऊल पुढे पडत नाही. फराइजच्या जाणकारांनी यासाठी लागणारे छेद शतकांपूर्वीच ठरवून ठेवले आहेत: २, ३, ४, ६, ८, १२ आणि २४. नवव्या शतकातील बगदादचा अल-ख्वारिज्मी, ज्याच्या ग्रंथावरून बीजगणिताला 'अल्जेब्रा' हे नाव पडले, त्यानेही त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसा आणि वसीयतीच्या हिशोबांना दिला आहे.

एक नेहमीचा प्रसंग घेऊ. दुकानदार वारला. मागे पत्नी, आई, एक मुलगा, एक मुलगी. वडील आधीच वारलेले. सर्वांत आधी कफन-दफनचा खर्च, मग कर्ज (पत्नीचा मेहर द्यायचा राहिला असेल तर तेही कर्जच), मग तिसऱ्या हिश्श्याच्या मर्यादेत वसीयत. एवढे जाऊन जे राहील ते वाटायचे. ते १४,४०,००० रुपये आहे असे धरू. मुले असल्यामुळे पत्नीचा १/८, आईचा १/६, आणि राहिलेले मुलगा-मुलीत दोनास एक. आठ आणि सहा यांना चोवीस चालतो. चोवीसमधून तीन पत्नीचे, चार आईचे, राहिले सतरा. हे १७/२४ मुलांचे. सतराला तिनाने भाग जात नाही, म्हणून चोवीसची तिप्पट बहात्तर केली. पत्नीचे ९, आईचे १२, मुलाचे ३४, मुलीचे १७. बेरीज ७२, हिशोब बरोबर. एका भागाचे २०,००० रुपये. पत्नीला १,८०,०००, आईला २,४०,०००, मुलाला ६,८०,०००, मुलीला ३,४०,०००.

गादीच्या रुईतली 'उरलेल्याचा' ही चूक येथे झाली तर काय होते पाहा. पत्नीचा आठवा हिस्सा बाजूला काढला आणि उरलेल्या ७/८ चा सहावा हिस्सा आईला दिला. तो होतो ७/४८. आईचा खरा हिस्सा १/६, म्हणजे ८/४८. आईचा अठ्ठेचाळिसावा भाग, ३०,००० रुपये, कमी झाला आणि वाटणी करणाऱ्याला पत्ताही लागला नाही. ठरलेला प्रत्येक हिस्सा पूर्ण मालमत्तेचा असतो. एकामागून एक उरलेल्याचा नसतो. फक्त मुलांचा वाटा तेवढा उरलेल्याचा आहे. ज्या घरांत मुलीचे सतरा भाग कागदावर येतच नाहीत, तेथे बेरीज पंचावन्नवरच थांबते. अशी घरे आमच्या माहितीची आहेत आणि तेथे कोणाला वजाबाकी येत नाही म्हणून तसे होते असे आम्हाला वाटत नाही.

क्वचित असेही होते की ठरलेले हिस्से मिळूनच एकाहून जास्त भरतात. पत्नी वारली, मागे पती आणि दोन सख्ख्या बहिणी. पतीचा १/२, बहिणींचे मिळून २/३. सहाव्या हिश्श्यात तीन आणि चार, झाले सात. पण भाग तर सहाच. अशा वेळी छेदच सहाचा सात करतात आणि पतीला ३/७, बहिणींना ४/७ देतात. याला औल म्हणतात. असा प्रसंग आला तर घरच्या घरी तोड न काढता हिशोब मांडून तो कागद फराइज जाणणाऱ्या आलिमांना दाखवावा. शेतजमीन असेल तर वकिलाचा सल्लाही घ्यावा, कारण १९३७ च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमातच शेतजमीन वगळलेली आहे. सोबत मालमत्तेची यादी, कर्जाची यादी आणि सर्व वारसांची नावे न्यावीत. मुली आणि आई धरून.